कोऱ्या जमिनीची चादर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या माडीवर वैजयंती संगणकाचा क्लास चालवते. ती माझी बायको, त्यामुळे मी तिच्याविषयी निःपक्षपातीपणे लिहीन अशी आशा कुणी धरू नये. तरुणपणी तिने इथल्या चादरवाल्यांसाठी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर नक्षी काढून रंग भरला, की जॅकार्ड माग ज्यांच्यावरून नक्षी विणतो ती भोकांची कार्डं त्यावरून निघतात. जुने माग असलेले दोघंचौघं अजून तोच वापरतात.

परवा दुपारी त्यांच्यातला मल्लेश आला, चेहरा पार उतरलेला. त्याच्या गिऱ्हाइकाला चादरीची जमीन, म्हणजे नक्षीमागचा सगळा भाग, कोरी एकरंगी आणि कोपऱ्यात एकच मोर हवा होता. जमिनीत रंग भरायला घेतला की प्रोग्राम बंद पडत होता.

"ही ऑर्डर गेली तर माग भंगारात घालतो, वहिनी. लई दिवस रेटलं, जेवायलाबी घरी जाईना झालो."

"आजवर कधी बंद पडला नव्हता?"

"पडतो की. म्हनून तर बारीक रेघा मारून जमिनीचे तुकडे करतो आमी. बांध म्हनतो त्याला. समदेच मारतात."

वैजयंतीने कपाळाला हात लावला. मी त्या रेघांना सोलापुरी फॅशन समजत आलो होतो. इतकी वर्षं ही मंडळी तिच्या चुकीला बांध घालत राहिली, पण तक्रार घेऊन एकजण जिना चढला नाही. का, तर बाईला कशाला त्रास. मला रागच आला.

तिने मला समजावलं ते असं. पडद्यावरच्या नक्षीतला प्रत्येक बारीक चौकोन रंगला की शेजारच्याला हाक मारतो आणि त्याचं काम संपेपर्यंत ताटकळत उभा राहतो. अशा ताटकळणाऱ्यांसाठी मेमरीत राखलेली जागा म्हणजे स्टॅक. जमीन मोठी असली की तिथे मुंगी शिरायलाही जागा उरत नाही आणि प्रोग्राम कोसळतो.

आधी तिने स्टॅकची जागा वाढवून पाहिली. छोटा नमुना भरला, मल्लेशची चादर पुन्हा अडकली. मग चिडून तिने ते अख्खं फंक्शनच खोडलं. नव्या फंक्शनमध्ये एकेक आडवी ओळ सलग भरायची आणि पुढच्या ओळी कुठून सुरू करायच्या एवढंच बाजूला टिपून ठेवायचं, हाका मारणं बंद. मल्लेश खुर्चीच्या टोकावर बसून होता. त्याच्या चहावर साय धरली.

रंग पसरत पसरत चारी काठांना भिडला. मोर शाबूत होता.

"परत एकदा करा," मल्लेश म्हणाला. तिने पुन्हा केलं, पुन्हा भरला.

"सुटले बाई," म्हणत वैजयंती मागे टेकली. खरं सांगायचं तर मलाही फार हलकं वाटलं.

मल्लेशने तिथूनच स्पीकरवर घरी फोन लावला. इथले बरेच चादरवाले घरी तेलुगू बोलतात; पेठेत राहून मला ते मोडकंतोडकं कळतं. माग भंगारात घालायचे नाहीत, एवढंच त्याने बायकोला सांगितलं. तिने विचारलं, आज तरी जेवायला घरी येणार का.