माझ्या भावाचं भाषांतर

"हिच्या हातचं पाहुण्यांना द्यायचं नाही. काढा ते तिथून."

पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या सरकारी मॅडमनी बोट दाखवलं ते माझ्या परातीकडे. परातीत, उलट्या मडक्यावर भाजतात त्या लांब पोळीची कणिक होती. पहाटेपासून आपटून आपटून मी ती अशी केली होती, की हातावर घेतली की आपोआप खाली ओघळावी. एका शिपायानं परात उचलली, मांडवामागं नेली आणि उकिरड्यावर पालथी केली. थप्पकन आवाज झाला. कुत्री धावली.

मी हात जोडले. म्हटलं, "मॅडम, मी काई नाई करणार जी."

हे सांगतानाही लाज वाटते. माझा काही गुन्हा नव्हता, तरी मी हात जोडले. कणकेनं भरलेले हात.

त्या दिवशी आमच्या पवनीत परदेशी पाहुणे येणार होते. आमच्या टेकडीवर बुद्धाच्या काळातले जुने अवशेष आहेत. पाहुण्यांचा देशही बुद्धाला मानणारा. म्हणून दिल्लीहून साहेब लोक त्यांना घेऊन येत होते. रस्त्याला डांबर लागलं. शाळेच्या पोरी नऊवारीत उभ्या केल्या. जेवणाचं काम आमच्या बचत गटाला मिळालं. गटाच्या अध्यक्ष वंदनाबाई मला म्हणाल्या होत्या, "लांब पोळी तूच कर. तुह्या हातची फाटत नाई."

आणि त्याच देशात माझा लहान भाऊ मिलिंद कोंडलेला होता.

हे मॅडमना सकाळी कळलं. कलेक्टर ऑफिसातल्या एका बाबूनं मला ओळखलं. "मागच्या हप्त्यात हीच रडत होती मॅडम. पाहुण्यांना भेटू द्या म्हणत होती." झालं. माझी कणिक उकिरड्यावर गेली.

आजी सांगायची, तिच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. आजीला ते शब्द जातीमुळं ऐकावे लागले. मला भावामुळं ऐकावे लागले. शब्द तेच होते.

मला शेजारच्या अंगणवाडीत नेऊन बसवलं. सोबत एक पोलीसबाई. लहान पोरांच्या खुर्च्या होत्या, मी खालीच बसले. पोलीसबाई आमच्याच भागातली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, मी पण नोकरीच करून राहिली न." मी मान हलवली. तिचीही मलाच दया आली. अशी सवय असते आपल्याला.

मिलिंदनं नागपूरला हॉटेलचा कोर्स केला होता. भंडाऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात काउंटरवर उभा राहायचा. तिथंच एजंट भेटला. परदेशात मोठ्या हॉटेलात काम आहे म्हणाला. मिलिंद गेला. विमानतळावरून त्याला गाडीत घातलं, पासपोर्ट घेतला, आणि उंच भिंतीच्या एका इमारतीत नेलं. तिथं हॉटेल नव्हतं. कॉम्प्युटर होते. आपल्याच देशातल्या लोकांना फोन करायचा, पोलीस बोलतोय म्हणून भीती घालायची आणि त्यांचे पैसे काढून घ्यायचे. मिलिंद नाही म्हणाला. मग त्याच्या तळपायाला करंट लावला.

हे त्यानं मला संडासातून लपून फोन करून सांगितलं. कुजबुजत. "ताई, मायले नको सांगू."

मी मायला नाही सांगितलं. कुणालाच नाही. वस्तीत कुणी विचारलं तर मी म्हणायचे, बरा आहे, साहेब झाला. लोक हसून म्हणायचे, आम्हालाही बोलव म्हणा. मी पण हसायचे. घरी येऊन चुलीपुढं बसायचे आणि धुराचं निमित्त करून रडायचे.

पोलीस ठाण्यात गेले. तिथला जमादार म्हणाला, "गेला कायले? इथं धान पिकत नाई काय?" मग खुर्ची मागं रेलून, "तो तिकडं चोऱ्या करून राहिला म्हण न. इकडं आला तर आम्हीच धरू त्याले." मी मान खाली घातली. जणू चोरी मीच केली.

कलेक्टर ऑफिसात गेले. तिथून म्हणाले, हा दिल्लीचा विषय. दिल्लीला तक्रार गेली. खूप दिवसांनी एक फोन आला. गोड हिंदी. "देखिए, मामला संवेदनशील है। उस देश से हमारे रिश्ते बहुत अच्छे हैं। आप शोर मत कीजिए।"

मी म्हटलं, "रिश्ते अच्छे हैं तो छुड़वाइए न साहेब."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

टीव्हीवर मी ऐकलेलं होतं. आपला देश जगाला माणुसकी शिकवतो. आपला माणूस कुठंही अडकला तरी सरकार त्याच्या पाठीशी. मी ते ऐकून कधी टाळ्याही वाजवल्या असतील. आता कळलं, त्यात मिलिंद बसत नव्हता. ज्या देशाशी भांडण आहे, तिथल्या जुलमावर आपले साहेब बोलतात. ज्याच्याशी दोस्ती आहे, तिथला जुलूम संवेदनशील होतो.

अंगणवाडीत बसून हेच डोक्यात फिरत होतं. बाहेर ढोल वाजले. पाहुणे आले असावेत. माइकवर कुणीतरी करुणा, मैत्री, शांती म्हणत होतं.

तेवढ्यात मॅडम स्वतः आल्या. घामानं भिजलेल्या. आता आवाज वेगळा. "ताई, जरा या ना. पाहुण्यांना पोळी करताना बघायची आहे. वंदनाबाईंची फाटतेय, कॅमेरे थांबलेत. फक्त पोळी करायची. हसायचं. बोलायचं काही नाही." मी उठले नाही तसं त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या भावाचं आम्ही बघतोच आहोत."

त्या एका वाक्यासाठी मी उठले.

चुलीवर उलटं मडकं तापलेलं होतं. वंदनाबाईंनी त्यांची कणिक माझ्यापुढं सरकवली. मी गोळा घेतला. या हातावरून त्या हातावर, मग कोपरापर्यंत. पोळी लांब झाली, पातळ झाली, मडक्यावर पसरली. पाहुणे आ वासून बघत होते. त्यांच्यातली एक म्हातारी बाई पुढं आली. पिकलेले केस, शांत चेहरा. तिनं मला हात जोडले. त्यांच्या भाषेत काही विचारलं. सोबत एक पोरगेला दुभाष्या होता. तो हिंदीत म्हणाला, "पूछ रही हैं, घर में कौन-कौन है?"

मला बोलायचं नव्हतं. पण तिनं विचारलंच होतं.

मी म्हटलं, "माँ है. एक भाई है. इनके ही देश में है. बंद करके रखा है उसको. करंट देते हैं."

दुभाष्याचं तोंड उतरलं. त्यानं दिल्लीच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नाही. ते म्हणाले, "कहिए, इनका भाई आपके देश में काम करता है। बहुत खुश है।"

दुभाष्या बोलला. काय बोलला ते मला भाषा येत नसूनही कळलं, कारण म्हातारीचा चेहरा फुलला. तिनं माझा पिठाचा हात दोन्ही हातांत धरला.

"कह रही हैं, फिर तो हम रिश्तेदार हुए।"

टाळ्या वाजल्या. मॅडमनी वाजवल्या. वंदनाबाईंनी वाजवल्या. कॅमेरे पुढं घुसले.

आणि मी हसले.

कणिक फेकली त्याची लाज एवढी नाही. ठाण्यात ऐकलं त्याची नाही. पण माझ्या भावाच्या तळपायाला करंट लागत होता, आणि त्याच्या नावानं टाळ्या वाजत असताना माझं तोंड आपसूक हसलं. शिकवल्यासारखं. मोठ्या माणसांसमोर हसायचं, हे आमच्या तोंडाला कुणी शिकवलं?

मडक्यावरची पोळी जळायला लागली. वास आला. साहेब म्हातारीला पुढं न्यायला लागले. तिनं हात सोडला. मी सोडला नाही.

"नाई," मी म्हटलं. आधी हळू. मग मोठ्यानं. "खोटं सांगितलं यानं."

सगळे थबकले. मी दुभाष्याकडे पाहिलं. "भाऊ, तुले समजलं आहे. तू सांग."

त्यानं मान खाली घातली.

मग मी तिचा हात सोडला आणि शब्दही सोडले. दोन मनगटं एकावर एक ठेवून दाखवली. बांधलेली. चप्पल काढली, तळपायाला बोट लावलं, आणि अख्खं अंग हलवून दाखवलं. तसं, जसं मिलिंदनं सांगितलं होतं. सगळ्या गावासमोर. कॅमेऱ्यांसमोर. मी, चाळिशीची बाई, चुलीपुढं उभी राहून अंग झटकत होते. मागं कुणीतरी खिदळलं. मी थांबले नाही.

म्हातारी हसायची थांबली. तिनं दुभाष्याला काही विचारलं. साहेबांनी तिच्या पाठीला हलका हात लावून तिला पुढं नेलं. जाताना तिनं वळून पाहिलं. तिला काय कळलं, मला माहीत नाही.

मला ठाण्यात नेलं. दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मग मॅडम आल्या. "देशाची अब्रू घालवलीत तुम्ही."

या वेळी माझे हात जोडले गेले नाहीत. मी म्हटलं, "अब्रू देशाची गेली न मॅडम? मंग देशानं लाजावं. मी बहुत लाजली."

मॅडमनी तोंड फिरवलं. संध्याकाळी मला सोडलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. म्हातारीनं माझा हात धरलाय आणि मी हसतेय. खाली लिहिलं होतं, भाऊ त्या देशात सुखानं नोकरी करतो, दोन देशांचं नातं पवनीत जुळलं. शेजारच्या पोरीनं मायला वाचून दाखवलं. माय खूश होऊन माझ्याकडे आली. "मिलिंद मजेत आहे म्हणतात न पेपरात. तू तर काई बोलतच नाई त्याचं."

तेव्हा मी मायला सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. करंटसुद्धा. माय खाली बसली. बराच वेळ पेपरावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मले काहून नाई सांगितलं? मी त्याची माय होय का पाहुणी?"

तोंड उघडायची लाज वाटली म्हणून मी मायलाच लांब ठेवलं होतं. साहेबांनी मला ठेवलं तसंच.

गटाचं सरकारी काम गेलं. वंदनाबाई माझ्याशी बोलत नाहीत. "तुह्या एकटीपायी आम्हा साऱ्यांचं गेलं," एवढंच म्हणाल्या. खोटं नाही ते. पण मी माफी मागितली नाही.

कुणीतरी माझं ते अंग झटकणं मोबाइलवर काढलं होतं. ते फिरत फिरत आमच्याच जिल्ह्यातल्या सिहोऱ्याला पोचलं. तिथून एक बाई मला शोधत आली. धानवाल्या शेतकऱ्याच्या घरची. तिचा मुलगाही त्याच भिंतीच्या आत आहे. तिनंही गावात सांगितलं होतं, साहेब झाला. ती म्हणाली, "तुमाले पाहून वाटलं, मी कायले लपून राहिली?"

मिलिंद अजून आलेला नाही. एकदा फोन आला. "ताई" म्हणाला आणि कटला. जिवंत आहे, एवढं कळलं.

गेल्या सोमवारी आम्ही तिघी कलेक्टर ऑफिसात गेलो. माय, सिहोऱ्याची बाई आणि मी. दारावरचा माणूस म्हणाला, "निवेदन खिडकीत द्या आणि जा." मी म्हटलं, "निवेदन नाई आणलं. आम्ही बोलणार. साहेबांनी ऐकायचं." त्यानं दार लावून घेतलं. आम्ही पायरीवर बसलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगितलं, आमची पोरं कुठं आहेत आणि त्यांचं काय चाललंय. माय सगळ्यात मोठ्यानं बोलत होती.

या सोमवारीही जाणार. मग दिल्लीला. तिथं हिंदीत सांगू. इंग्रजी लागली तर तीही शिकू. पण माझ्या भावाचं काय झालं, ते यापुढं माझ्याच तोंडून जाईल. मधे उभं राहून त्याचं गोड भाषांतर करणारा कुणीही असो, आधी त्याला बाजूला सारीन. मग बोलीन.