ठसा मामांचा, पातं मशीनचं

दौलताबादला माझ्या मामांची लोहारकामाची शेड आहे. तिथं जेवणाच्या सुऱ्या बनतात, पण आपल्या जेवणाच्या नव्हे. मध्ययुगात युरोपात पाहुणा स्वतःची सुरी कमरेला लावून जेवायला जायचा. तशाच हुबेहूब सुऱ्या तिकडचे हौशी लोक आजही मागवतात. निमुळतं पातं, शिंगाची मूठ, टोकाला पितळी टोपी. जुन्या सुऱ्यांवर घडवणाऱ्याची खूण असायची. माल तिकडं पाठवणारा आमचा व्यापारी मामांना कुठल्यातरी मेलेल्या परदेशी कारागिराची खूण उमटवायला लावायचा.

यावर मी पेटले. कॉलेजपासून पत्रकं काढतेय, दुसरं काही येत नाही. लिहिलं, 'हात आमचा, तर खूणही आमचीच.' शहागंजच्या बाजारात दुकानोदुकानी वाटलं. शेडमधल्या चौघा कारागिरांना मामांच्या पाठीशी उभं केलं. मामांनी व्यापाऱ्याला तोंडावर सांगितलं की आमच्या खुणेशिवाय इथून एक सुरी जाणार नाही. कुरकुरत का होईना, तो तयार झाला. मामांनी पोलादाचा ठसा स्वतः कोरला: सीताफळाचं पान, तांदळाएवढं. पहिलं पान पात्यावर उमटलं तेव्हा मला रडू आलं होतं. आता त्या रडण्याचाही राग येतो.

या हिवाळ्यात शहागंजातल्या ओळखीच्या दुकानदारानं हाक मारून एक खोकं दाखवलं. आत सुरी, तिच्यावर आमचं पान, आणि खाली घडी घातलेलं माझं पत्रक. चकचकीत कागदावर, खाली इंग्रजी भाषांतरासकट, शब्द न शब्द माझा. तो हसला. "ताई, तुमची तर लई जाहिरात चाललीय."

सुरी हातात घेतली. मामांचं पातं मुठीकडून टोकाकडं पातळ होत जातं. हे सगळीकडं सारखंच जाड होतं. वरचे हातोडीचे घाव नंतर, गार लोखंडावर मारलेले. पाती चितेगावच्या एका कारखान्यात लेझरवर कापून येतात, हे दुकानदारालाही ठाऊक होतं. मला नव्हतं.

वाटलं, ठसा चोरीला गेला. तशीच दौलताबादला गेले. मामा खाटेवर बसून मुठी घासत होते.

"चोरी कशाची? मीच दिला. कोपर उचलत नाय आता, पोरी. व्यापारी म्हणला पान राहू द्या. म्हणलं, राहू द्या."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतं."

काढलंच. कोपराचं दुखणं मला कळतं. पण माझे शब्द वाचून ज्यांनी ती सुरी घेतली, त्यांना फसवणाऱ्यांत मीही आले, आणि मला कुणी विचारलंही नाही. नव्या पत्रकात सरळ लिहिलं: पान असलेली सुरी हातानं घडवलेली नाही.

छापण्याआधी मामांना दाखवलं. पाठीमागं काही करणं आमच्या घरात त्यांना जमतं, मला नाही. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, पातं मशीन कापतं हे खरं, पण तापवून, तेलात बुडवून त्याला पाणी अजून मीच देतो, तेवढं लिही.

ते एक वाक्य लिहायला मला आवडलं असतं. मी उठून भट्टीपाशी गेले. आत शिंगाचा भुसा साठला होता. तेलाच्या डब्यावर धुळीचा थर होता. मागं वळून पाहिलं, तर मामा पुन्हा मुठी घासत होते, मान खाली घालून.

पत्रक होतं तसंच छापायला दिलं.