दवाखान्याच्या कपाटातला भुंगा

चौतीस वर्षं घरोघरी फिरून त्यांनी वाळवी, झुरळं आणि ढेकूण मारले. म्हणून गावात त्यांना सगळे वाळवीकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर काका मुलीच्या स्वयंपाकघरात लक्ष घालू लागले. डबे कुठे ठेवावेत, ओटा कसा पुसावा, सगळंच. चौथ्या महिन्यात मुलीने हात टेकले आणि त्यांच्यापुढे एक कार्ड ठेवलं. ते गावच्या इतिहास संग्रहालयाचं सभासदत्व होतं, वर्षभराचं.

"बाबा, सभासदांना रोज जाता येतं. जा."

"आत्तापासूनच संग्रहालयात ठेवतेस होय मला?" काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी गेले.

संग्रहालय म्हणजे जुन्या पोस्टाच्या इमारतीतल्या तीन खोल्या. लोक तिथे वस्तू बघत, काका वस्तूंचे पाय बघत. मधल्या खोलीत गावातल्या पहिल्या दवाखान्याचं औषधांचं कपाट होतं. त्याला लहान लहान साठ खण होते आणि प्रत्येक खणावर त्या वेळच्या कंपाउंडरने हाताने लिहिलेली चिठ्ठी. कपाटाखाली पिठासारखा भुसा पडला होता. काकांनी तो रुमालाने टिपून घेतला. दोन दिवसांनी पाहिलं, तर पुन्हा तेवढाच.

संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंना त्यांनी गाठलं. "बाई, कपाटाला भुंगा लागलाय. आतून पोखरतोय."

"मग मारा ना औषध. तुमचंच तर काम."

"नाही मारणार. औषधाने शाई उतरते. चिठ्ठ्या गेल्या की मागे नुसतं लाकूड उरेल."

जन्मभर औषध मारलेला माणूस असं बोलतोय, याचं बाईंना नवल वाटलं. काकांनी उपाय सांगितला तो थंडीचा. गावाबाहेरच्या शीतगृहात ते उंदरांच्या बंदोबस्तासाठी जात, तिथला व्यवस्थापक ओळखीचा होता. बाईंनी शहरातल्या मोठ्या संग्रहालयाला फोन करून विचारलं. तेही म्हणाले, कडक थंडीत अंड्यांसकट कीड मरते, करा.

पाच सभासदांनी मिळून कपाट प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. शीतगृहात दोन आठवडे ते गोठवलेल्या वाटाण्याच्या पोत्यांशेजारी उभं होतं. परत आणल्यावर काकांनी बजावलं, "आता पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. गार लाकडाला हवा लागली की पाणी धरतं."

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी सभासदांचा वार्षिक मेळावा होता. त्याच संध्याकाळी संग्रहालयाचे अध्यक्ष आले. "काका, पाहुणे काय प्लास्टिक बघायला येणार आहेत? उघडू या की." काकांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा काकांनी स्वतःच कात्री घेतली.

थोड्याच वेळात खणांवर दव धरलं. काका आणि बाई टिपकागद घेऊन धावले. अठ्ठावन्न चिठ्ठ्या बचावल्या. दोन चिठ्ठ्यांची शाई पसरली आणि अक्षर गेलं.

घरी काका जेवले नाहीत. मुलगी म्हणाली, "अहो बाबा, दोनच तर."

"नाही म्हणायचं कळत होतं मला. भिडेपोटी कापलं."

मेळाव्यात अध्यक्षांनी काकांचं तोंड भरून कौतुक केलं. चिठ्ठ्यांचा विषय काढला नाही. काका उठले आणि त्यांनीच सांगितलं: दोन गेल्या, घाई केली, कात्री माझ्या हातात होती. सभा जरा अवघडली. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी परिचारिका उठली. ती नोकरीला लागली तेव्हा ते कपाट वापरात होतं. पुढे येऊन तिने दोन्ही खणांवर बोट ठेवलं आणि आत कोणती औषधं असत ते सांगितलं. बाईंनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि परिचारिकेचं नाव सभासदांच्या यादीत घातलं.

भुसा त्यानंतर पडला नाही. काका आता दर गुरुवारी तिन्ही खोल्यांत चिकट कागदाचे सापळे बदलतात आणि कुठे काय सापडलं ते वहीत लिहितात. परिचारिका बरोबर असते. तिची नजर काकांहून तीक्ष्ण आहे, आणि ते तिने त्यांना दोनदा ऐकवलंही आहे.