बदामाच्या पानांचं पाणी

धारला एका सरदारांच्या बंगल्यावर मासे सांभाळणारा एक माणूस होता. मी त्या सरदारांविरुद्ध पत्रकं छापत असे, आणि बंगल्यातली भानगड कळावी म्हणून त्याच्याकडे जात असे. तो मात्र प्रत्येक वाक्याआधी माळव्यातल्या बोलीत, भाऊ म्हणावं तसं, "थांबा भिया" म्हणे आणि खरोखरच थांबे.

मुंबईहून विकत घेतलेले बोटाच्या पेराएवढे विलायती मासे महू स्टेशनापासून छकड्यात हिंदकळत आले. त्यांचे पर चिकटले होते, पोटं खपाटीला गेली होती. त्यानं काचेच्या हौदावर ओलं फडकं टाकलं, बदामाची वाळकी पानं घालून पाणी काढ्यासारखं तपकिरी केलं आणि दोन दिवस खायला काही दिलं नाही.

"थकलेल्याला आधी अंधार द्यावा, मग जेवण," तो म्हणाला.

आठव्या दिवशी एका नरानं निळे पर उघडले, तेव्हा तो माणूस लाजल्यासारखा हसला.

त्याच दिवशी गोरे पाहुणे यायचे होते. हुकूम आला, घाण पाणी काढून विहिरीचं स्वच्छ पाणी भरा. एकदम पाणी बदललं तर मासे जगायचे नाहीत, असं त्यानं हात जोडून दोनदा सांगून पाहिलं. मग स्वतःच बादली उचलली. पाहुणे येईपर्यंत सगळे मासे उलटे तरंगत होते.

मी भडकलो. "सरदारांनी मारले असं छापतो. साक्षीदार म्हणून सही करा!"

"थांबा भिया. बादली माझ्या हातात होती, तेही छापा."

पत्रक मी छापलं, पण तेवढं वाक्य गाळलं. अजून त्या बंगल्याच्या फाटकावरून जाताना मी पाय भराभर उचलतो.