देसांका आणि लिफ्टमधला वास

देसांका तास्कोविचने एकतीस वर्षं सर्बियातल्या नीश शहरातल्या यंत्रांच्या कारखान्यात क्रेन चालवली. बाईमाणसाला क्रेन झेपायची नाही असं सांगणारे तीन मुकादम तिच्या डोळ्यांदेखत निवृत्त झाले. त्यामुळे लिफ्टशेजारच्या भिंतीवर ‘पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्यामुळे लिफ्टमध्ये घाण वास येतो, मालकिणीने लाज बाळगावी’ असा कागद दिसला, तेव्हा ती लाजली वगैरे नाही. तिने पिशवीतून पेन काढून खाली लिहिलं, ‘मालकिणीला नाव आहे. लिहिणाऱ्यालाही असेल.’

पण वास होता, हे काही खोटं नव्हतं. लिस्को अकरा वर्षांचा, तांबूस रंगाचा, अंगाने चांगलाच सुटलेला कुत्रा. लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ हिसका द्यायची, तो दचकायचा, आणि सडक्या मासळीसारखा असा भपका सुटायचा की बरोबरचा माणूस पुढच्या मजल्यालाच उतरायचा. घरात तर तो ढुंगण फरशीवर घासत स्वयंपाकघरभर फिरायचा.

“अंगणातल्या थंड काँक्रीटवर बसतो ना तो? मग होणारच,” दुसऱ्या मजल्यावरची रायना म्हणाली. “माझ्या नणंदेची मूत्रपिंडं अशीच गेली.”

त्या शहरात पोटात दुखो की मूल न होवो, दोष एक तर थंड काँक्रीटचा, नाहीतर दोन खिडक्यांमधून येणाऱ्या झुळकीचा. त्यापुढे कुणी विचारच करत नाही. आयुष्यात एकाही मुकादमाचं न ऐकलेल्या देसांकाने हे मात्र मुकाट्याने ऐकलं. रायनाने लोकरीची लाल चड्डी विणून दिली, शेपटीला भोक ठेवून. देसांकाने त्या जागी आधी घरची प्लमची दारू चोळली आणि वरून चड्डी चढवली. जून महिना होता. लिस्को मान खाली घालून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी तो बसेना. बसायला गेला की कण्हून उठायचा. देसांकाने चड्डी उतरवली. गुदाच्या शेजारी अक्रोडाएवढी सूज होती, लालभडक, आता फुटेल की मग फुटेल अशी. इतके दिवस ती आपणच लोकरीखाली झाकून ठेवली, हे तिला कळलं. तिने स्वतःला मोठ्याने शिवी घातली.

गुरांच्या बाजाराकडे तिआना नावाची पोरसवदा डॉक्टरीण होती. तिने वास घेऊनच विचारलं, “ह्याला दारू कुणी पाजली?”

“पाजली नाही. चोळली.”

“कुठे?”

देसांकाने सांगितलं. डॉक्टरणीने मोजे चढवून शेपटी उचलून पाहिली. मग म्हणाली, “आजी, ह्याच्यात काँक्रीटचा काही संबंध नाही. गुदाच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या पिशव्या असतात, वासाच्या. शी घट्ट असली की जाता जाता त्या दाबल्या जाऊन रिकाम्या होतात. ह्याची शी पातळ, म्हणून त्या तुंबतात. घाबरला की गळतात. एक तर पिकलीच आहे. खायला काय घालता?”

“बुरेकच्या तेलकट, पापुद्रेदार कडा.”

“आणि?”

“तळलेली डुकराची चरबी. थोडीशी.”

“थोडीशी म्हणजे तो थांबेपर्यंत.”

ते खरंच होतं. डॉक्टरणीने गुंगी देऊन गळू फोडलं, धुतलं, गोळ्या दिल्या. जखम भरल्यावर मात्र तिने देसांकाच्याच हातात रबरी मोजे दिले. “घड्याळात चार आणि आठ असतात तिथे बोटं ठेवा. कोमट फडकं धरून आतून बाहेर, हलकेच. नाही आलं तर जोर करायचा नाही, इकडे आणायचं. आणि भरल्या असतील तरच. उगाच दर आठवड्याला पिळत बसाल तर पुन्हा सुजवाल.”

पहिल्या खेपेला देसांकाला ओकारी आली. वंगणात कोपरापर्यंत हात घातलेली बाई, पण हे निराळंच होतं. डोळ्यांतून पाणी येत असतानाच तिने दुसरी बाजूही रिकामी केली. बुरेक बंद झालं, जेवणात उकडलेला भोपळा आला. महिन्याभरात लिफ्टमधला वास गेला.

तक्रार मात्र गेली नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्यांना एकदा कांदा सापडला की ते तो सोडत नाहीत. गुरुवारी सहा वाजता टपालपेट्यांपाशी इमारतीची सभा बोलावली, विषय एकच: लिफ्टमध्ये कुत्र्याला बंदी. लिस्कोच्या मागच्या पायांना पाच मजले झेपत नव्हते. अठरा किलोचं जनावर उचलायला देसांकाचे गुडघे धड नव्हते. बंदी झाली तर कुत्रा दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा, एवढा साधा त्याचा अर्थ होता.

सभेचा अध्यक्ष बोझिदार, पन्नाशीचा, ह्याच इमारतीत वाढलेला. “देसामावशी, तुम्हाला काही बोलायचंय?” त्याने कागदात बघत विचारलं.

“बोलायचंय. वास यायचा. आता येत नाही, कारण तो काढायला मी ह्या हातांनी शिकले. तुमच्यातल्या कितीजणांनी आपल्या कुत्र्याचं ढुंगण दाबलंय?”

कुणीतरी खोकलं.

“नव्व्याण्णव साली विमानं बॉम्ब टाकत होती, तेव्हा अठ्ठ्याहत्तर दिवस भोंगा वाजला की आपण सगळे ह्याच इमारतीच्या तळघरात उतरत होतो. कोपऱ्यात एक बादली आणि तिच्यापुढे चादर. तेव्हा सगळ्यांचाच वास येत होता. माझाही. कुणी कागद चिकटवला नाही.”

बोझिदारचा चेहरा उतरला. त्याची अंथरुणाला खिळलेली आई त्याच तळघरात होती. तिला रोज पुसणारी, धुणारी, तिचे कपडे बदलणारी देसांका होती, आणि चोवीस वर्षांचा बोझिदार तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. ती आता ते बोलणार म्हणून तो वाट बघत होता. एका वाक्यात देसांका जिंकली असती. पण मेलेल्या बाईची लाज मतांसाठी उघडी करणं तिला जमणारं नव्हतं. “मला एवढंच सांगायचं होतं,” म्हणून ती बाजूला झाली.

बंदीच्या बाजूने नऊ हात वर झाले, विरोधात सात. रायनाचा हात सातांत होता, बोझिदारचा कुठेच नव्हता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीत नीशमध्येही तितकीच पक्की आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता देसांका लिस्कोला घेऊन पाचव्या मजल्यावरच्या लिफ्टपाशी आली आणि तिने बटण दाबलं. लिफ्ट आली, तर आत बोझिदार. तो सातव्या मजल्यावरून कामाला निघाला होता. त्याने लिस्कोकडे पाहिलं, देसांकाकडे पाहिलं, मग आतून दार लोटून उघडं धरलं.

“या, देसामावशी.”

देसांका आत शिरली, कुत्र्याला जवळ ओढून घेतलं.

“तू उघडलं नसतंस,” ती म्हणाली, “तरी मी शिरलेच असते.”