हरणासाठी पेरलेली मेथी

माझे आजोबा शिकारी होते, हे खरं आहे. त्यांनी आयुष्यात काही मारलं नाही, हेही खरं आहे. यातलं फक्त पहिलं वाक्य मी माझ्या मुलीला सांगितलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

इरा चौदा वर्षांची. जन्म कुवेतचा, शाळा इंग्रजी, त्यामुळे मी मराठीत दहा वाक्यं बोललो की "ओके, बाबा" एवढंच उत्तर मिळतं. शुऐबाच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. तिथे दोनशे माणसं माझं ऐकतात. घरी दोघीच आहेत, पण एकही ऐकत नाही. अशात एके दिवशी इरा आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. शाळेत वन्यजीवनावर तीन मिनिटांची फिल्म करायची स्पर्धा होती. हल्ली ती परदेशातले शिकारीचे कार्यक्रम बघायची. त्यात पानापानांचे कपडे घातलेला एक माणूस आधी हरणांसाठी चारा पेरतो, तो उगवला की आडोशाला बसून कॅमेऱ्याशी कुजबुजत बोलतो आणि हरीण चरायला आलं की बाण सोडतो.

"आपण बाण नाही सोडायचा. ओन्ली कॅमेरा," इरा म्हणाली. "पण मला प्रेझेंटर पाहिजे. समवन हू नोज."

"माझे आजोबा शिकारी होते," मी म्हणालो.

"रिअली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी छाती दोन इंच फुगली. तिच्या पाचव्या वाढदिवसानंतर त्या घरात माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. ते पाहणं टिकवण्यासाठी मी वाटेल ते करायला तयार होतो. (आणि केलंही.)

हरणांची सोय होती. माझे जुने साहेब, बू सालेम, निवृत्त झाल्यापासून वफ्राच्या शेतावरच असतात. तिथे कुंपणातल्या मोठ्या माळावर त्यांनी सहा हरणं मोकळी सोडली आहेत. मी फोन केला.

"माफी मुश्किल," ते म्हणाले. म्हणजे काही अडचण नाही. "पण ती माणूस दिसला की पळतात. मालक मी, पण मलाही महिन्यातून एकदा दिसतात."

"म्हणूनच तर चारा पेरायचा," मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो.

आता चारा म्हणून काय पेरायचं? मला आयुष्यात एकच पीक काढता आलंय, तेही बाल्कनीत, थर्माकोलच्या खोक्यात. ते म्हणजे मेथी. तेव्हा माझी बायको मधुरा हिच्या डब्यातले किलोभर मेथीदाणे घेतले आणि शुक्रवारी सकाळी बू सालेमच्या वाळूत दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा पेरून टाकली. रोज पाणी घालायचं बू सालेमनी कबूल केलं. कारखान्यातला फिटर राणे मदतीला आला होता. मालवणकडचा माणूस. इथे एका खोलीत आठ जण राहतात, स्वयंपाक आळीपाळीने. त्याने अम्गऱ्याच्या भंगारबाजारातून पाईप आणून दीड तासात मचाण उभं केलं. मी ते तपासून त्यावर सुरक्षिततेचा हिरवा टॅग लावला. मचाण जमिनीपासून तीन फूट उंच होतं. तरी चढताना सगळ्यांना हेल्मेट घालायला लावलं.

"सायबानू, हरणांका मेथी?" राणे म्हणाला. "आमका कवळी मेथी खावन दोन वर्सा झाली."

मी हसलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आठ दिवसांनी मधुराही सोबत आली. वाळूवर बोटभर उंचीची, लुसलुशीत हिरवी मेथी माजली होती. ती बघताच मधुरा चप्पल काढून खाली बसली.

"अहो, ही तर समुद्रमेथी! दादरला माझी आई इवल्या इवल्या जुड्या आणायची. किनाऱ्यावरच्या वाळूतली."

"अगं, ती हरणांची आहे."

"एका भाजीपुरती घेते. थोडी विरळ करावीच लागते."

तिने एक कडा विरळ केली. इतकी विरळ, की तिथे वाळूच उरली. त्या रात्री आमच्याकडे भरपूर लसूण घातलेली मेथी झाली आणि मी हरणांच्या हक्काबद्दल एक शब्द बोललो नाही.

पुढच्या शुक्रवारी इराला घेऊन गेलो तर अर्धी मेथी गायब. माझा आनंद गगनात मावेना. मी गुडघ्यांवर बसलो, खुडलेल्या देठांवरून बोट फिरवलं आणि डोळे बारीक केले.

"नर आहे," मी म्हणालो. "मोठा. वयस्कर. एकटाच येतो."

"हाऊ डू यू नो?"

"दातांवरून कळतं. आपल्या रक्तातच आहे ते."

इराने ते सगळं वहीत लिहून घेतलं. मग हालचाल झाली की आपोआप सुरू होणारा एक छोटा कॅमेरा तिने कुंपणाच्या खांबाला बांधला आणि आम्ही परतलो.

फिल्म रविवारी द्यायची होती. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे कॅमेरा बांधल्यावर आठ दिवसांनी, शनिवारी उजाडताना आम्ही दोघं मचाणावर चढलो. समोर मेथीचा जेमतेम ताटाएवढा तुकडा शिल्लक होता. मी कुजबुजायला सुरुवात केली. वारा कुठून येतो, हरीण कान कसे टवकारतं, आजोबा कसे श्वास रोखून बसायचे. सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले. मी कुजबुजतोय. साडेदहाला इरा हळूच म्हणाली, "बाबा, तू बोलायचा थांबशील का जरा?" आणि खाली उतरून बू सालेमच्या तंबूत चहाला गेली. तिचे डोळे भरले होते. ते मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

दुपारी आम्ही रिकाम्या हाताने निघालो. म्हणजे ती रिकाम्या हाताने. माझ्या हातात एक पिशवी होती, ती मी गुपचूप डिकीत टाकली.

गाडीत मला राहवेना. "इरा, माझे आजोबा हाकारे होते. रानात रिकामा डबा वाजवत ओरडत जायचं, म्हणजे जनावर बंदूकवाल्याकडे पळतं. बंदूक त्यांनी कधी हातातसुद्धा धरली नाही. पण शिकारीचा वाटा हाकाऱ्यालाही मिळतो, म्हणून घरी सगळे त्यांना शिकारी म्हणायचे."

"सो यू लाइड."

"हो."

घरी पोचताच ती गाडीतून उतरली. खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी सोफ्यावर बसलो. नऊ वर्षांनी मिळालेली किंमत एका शनिवारात गेली होती.

अर्ध्या तासाने आतून किंचाळी आली. मी धावलो. इरा लॅपटॉपसमोर हसून हसून आडवी झाली होती. खांबावरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड ती खिशात घालून घेऊन आली होती, त्यातलं चित्रण चालू होतं. त्यात सोमवारी राणे आला होता, कात्री घेऊन. (मोठा, वयस्कर, एकटाच.) बुधवारी पुन्हा राणे. गुरुवारी स्वतः बू सालेम. साखरेला मेथी चांगली, हे त्यांना मीच सांगितलं होतं. आणि मग शनिवार, दहा वाजून पन्नास मिनिटं. डोक्यावर हेल्मेट, कॅमेऱ्याकडे पाठ, वाकून शेवटची मेथी भराभर खुडून पिशवीत भरणारा मी. फुकट जाईल म्हणून घेत होतो, दुसरं काही नाही.

"बाबा, मागे बघ ना, मागे!" इरा म्हणाली. किती महिन्यांनी माझ्याशी मराठीत ओरडली!

माझ्यामागे चार फुटांवर हरीण उभं होतं. पांढरं पोट, काळेभोर डोळे, सरळ उभी शिंगं. मी बोलायचा थांबल्यावर ते बिचारं आलं असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग मान वळवून थेट कॅमेऱ्यात पाहिलं, आणि निघून गेलं. मला पत्ताही नाही.

तिने रात्रीत फिल्म बांधली. सुरुवातीला तिचाच आवाज, मोडक्या मराठीत: "हे माझे बाबा. यांचे आजोबा शिकारी होते."

शाळेच्या हॉलमध्ये ती दाखवली तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक बाई माईकवर म्हणाल्या, आपल्याला कोणी टिपतंय याचं जराही भान नसलेला, इतक्या नैसर्गिकपणे चरणारा प्राणी त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. मी हरणाच्या वतीने मान तुकवली.

इरा माझ्या कानाशी वाकली. "बाबा," ती कुजबुजली, "हरीण तर कॅमेऱ्यात बघत होतं."