डेलिथ वडिलांना पोचवायला जाते

तारेत चारच शब्द होते : ‘बाबा गेले. एकटी ये.’ खाली थोरल्या भावाचं, एमलिनचं नाव.

डेलिथने ती नवऱ्याच्या हातात दिली. वरसामे सोमाली, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचं त्याचं काम. नऊ वर्षांपूर्वी कार्डिफच्या गोदीजवळ दोघांनी संसार मांडला आणि काळा जावई म्हणून डेलिथचं माहेर तुटलं. बाबा, टॉमस, तेवढे यायचे. आयुष्यभर खाणीत राबून छातीचं खोकं झालेलं, तरी धापा टाकत जिना चढायचे आणि नातीला, हिबोला, मांडीवर घ्यायचे.

“तू जाऊन ये,” वरसामे म्हणाला. “मी थांबतो पोरीजवळ.”

“सासरा गेलाय तुझा. कोट घाल.”

खाणीच्या गावात माहेरच्या आळीतले सगळे पडदे ओढलेले होते. दारातच एमलिन उभा होता. तिघांना बघून त्याचा चेहरा उतरला.

“मागच्या दाराने या. लवकर,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “काय लिहिलं होतं मी, डेलिथ?”

“वाचलं, दादा.”

“खाणीचे साहेब स्वतः येतायत. पंधरा वर्षं मर मर मेलो, तेव्हा कुठे खाणीतून कचेरीत आलोय. आज तमाशा नकोय मला.”

“बापाला पोचवायला जावई आला, यात तमाशा कसला?”

एमलिनने मागच्या दाराकडे बोट केलं. स्वयंपाकघरात आई, ऑलवेन, शेजारणींबरोबर पाव कापत होती. नातीला ती पहिल्यांदाच बघत होती. सुरी तशीच हातात राहिली. “नाक ह्यांच्यावर गेलंय,” ती पुटपुटली. शेजारणी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आईने घाईघाईने पुन्हा पाव ओढला.

त्या खोऱ्यात बायका दफनभूमीत जात नसत. पुरुषांनी गात चालायचं, बायकांनी मागे चहा उकळायचा. शवपेटीला खांदा मुलांनी आणि जावयांनी द्यायचा. एमलिनने स्वतःसकट घरातली पाच नावं पुकारली, सहावं शेजाऱ्याचं. वरसामे पुढे झाला होता. तो निमूट मागे सरला. डेलिथ तोंड उघडणार, तोच त्याने मान हलवली. नको.

पुरुष निघाले. डेलिथने पडद्याची कड सरकवली. दोनशे माणसं चौघाचौघांच्या रांगांनी चालत होती. शेवटच्या रांगेत वरसामे एकटाच. डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही. त्याच्या पुढच्यांनीही पावलं उचलून मध्ये अंतर पाडलं होतं. टोपी छातीशी धरून तो खाली बघत चालला होता.

डेलिथने हिबोचा हात धरला.

“कुठे निघालीस?” आई किंचाळलीच. “बायका जात नाहीत! डेलिथ, लोक काय म्हणतील?”

“त्यांचं म्हणून झालंय, आई.”

ती धावत गेली आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला चालू लागली. हिबोला मध्ये घेतलं. गाणं अडखळलं. रांगा वळून बघू लागल्या. पुढे एमलिननेही मान वळवली. लाल झालेला चेहरा, दात आवळलेले. पण खांद्यावर बाप होता. त्याला थांबता येईना.

कोणीतरी म्हणालं, “लाज सोडली हिने.” ती चालत राहिली. खड्ड्यावर माती पडेपर्यंत तिघं तिथे उभे राहिले.

दफनभूमीच्या फाटकाशी एमलिनने तिला गाठलंच. “आमच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.”

ते स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले असताना आई आली. भर दिवसा, अख्ख्या आळीदेखत, एप्रनवरच. तिने हिबोचं तोंड दोन्ही हातांत धरलं. खूप वेळ.

“माझ्याकडे चल, आई.”

“एमलिनच्या भाकरीवर दिवस काढायचेत मला, बाळा. घर कंपनीचं, ते आता त्याच्या नावावर झालंय.” मग ती वरसामेकडे वळली. तिने हात पुढे केला. “ते तुझ्याबद्दल बोलायचे,” ती म्हणाली. “मीच ऐकून घ्यायची नाही.”

गाडी आली. आई फलाटावर उभी राहिली. तिने हात हलवला नाही.

ती पुन्हा भेटली नाही. सहा वर्षांनी गेली, तेव्हा डेलिथला ते तीन आठवड्यांनी एका शेजारणीकडून कळलं. त्या रविवारी ती हिबोला घेऊन सरळ दफनभूमीत गेली. कोणी अडवलं नाही. फाटकाशी एक म्हातारा गवत कापत होता. त्याने हिबोकडे निरखून पाहिलं आणि न विचारताच टॉमसची आणि ऑलवेनची जागा दाखवली.